भादव्यातल्या चौदा नळ्या

भाद्रपद अर्ध्यावर आला की प्रयोगशाळेत माझे चित्त लागत नाही. या मोठ्या शहरातल्या आमच्या मजल्यावर बाराही महिने बावीस अंश तापमान असते, खिडक्या उघडत नाहीत, आणि बाहेर कोणता ऋतू चालू आहे हे संगणकाच्या कोपऱ्यातल्या तारखेवरून ताडावे लागते. तरीही या दिवसांत दुपारी दोनच्या सुमारास मी हातमोजे काढते, जिना उतरते आणि इमारतीबाहेरच्या उन्हात पाच मिनिटे उभी राहते. वैशाखाचे ऊन कोरडे आणि सरळ असते. भादव्याचे ऊन ओले, चिकट, कानशिलांवर येऊन बसणारे. पावसाने मध्येच पाठ फिरवली की ते पडते आणि सोयाबीनच्या पानांचा हिरवा रंग आठवडाभरात पिवळा करून टाकते. इथे सोयाबीन नाही, डांबर आहे. पण चटका तोच. वर आल्यावर शेजारच्या टेबलावरची मैत्रीण विचारते, कुठे गेली होतीस? फोन आला होता, असे मी सांगते.

फोन आलेला नसतो. चौदा नळ्या आठवलेल्या असतात.

त्या वर्षी ताप सगळ्या मराठवाड्यातून फिरून गेला होता. उन्हाळ्यातल्या लाटेत गावोगावची माणसे गेली, उरलेली लस घेऊ लागली, आणि मी नांदेडच्या एका लहानशा प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून काम करत होते. आमचा प्रश्न साधा होता. आजार होऊन गेल्यावर किंवा लस घेतल्यावर शरीरातल्या पेशींना त्या विषाणूची ओळख राहते का आणि किती राहते? रक्तातली प्रतिपिंडे तेव्हा सगळीकडेच मोजली जात होती. ते तुलनेने सोपे काम. रक्ताचा वरचा पिवळसर द्रव गोठवून ठेवला तरी चालतो. आम्हाला मोजायच्या होत्या टी पेशी, म्हणजे विषाणू शिरलेली पेशी ओळखून तिच्यावर चालून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या जिवंतच लागतात. मेलेल्या पेशीला काय ओळखतेस असे विचारता येत नाही. सगळी अडचण या एका वाक्यात होती; माझे ते सबंध वर्ष या वाक्याभोवती धावण्यात गेले.

हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त घ्यायचे. प्रयोगशाळेत आणून ते एका जड द्रवावर अलगद सोडायचे आणि यंत्रात गरगर फिरवायचे. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळे पाणी राहते, आणि दोहोंच्या मध्ये दुधावरच्या विरळ सायीसारखे एक पांढरे कडे तरंगते. ते कडे पिपेटने उचलताना मी श्वास रोखून धरत असे. मग त्या पेशी शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत वाटायच्या, त्यांना विषाणूचे निरुपद्रवी तुकडे दाखवायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उबेत ठेवायचे. ज्या पेशीला ओळख पटली, तिच्या जागी निळाकाळा ठिपका उमटतो. एक ठिपका, एक पेशी. प्रत्येक माणसासाठी आणखी दोन खळगे राखलेले असतात. एकात पेशींना काहीच दाखवायचे नाही. तिथे ठिपके नकोत. दुसऱ्यात असे रसायन घालायचे, की ज्याने कुठलीही धडधाकट टी पेशी ओरडून उठावी. तिथे ठिपक्यांची गर्दी झाली नाही, तर पेशी आजारी आहेत असे समजायचे आणि त्या माणसाबद्दल तोंड बंद ठेवायचे.

गोल रंगवण्याशी माझे नाते जुने आहे. लातूरला आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरावर मुलींच्या वसतिगृहाची पाटी होती. आई पस्तीस मुलींचे डबे करायची. परभणीच्या, बीडच्या, थेट किनवटच्या मुली आमच्या ओट्यावर रांगेत उभ्या राहून वरणाचे चौथे भांडे मागत, आणि मागतानाही तोंडाने सूत्रे म्हणत. रविवारी चाचणी, सोमवारी भिंतीवर यादी. मीही त्याच क्लासला होते. चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा, आणि त्या काळ्या गोलांच्या बेरजेवरून गल्लीने तुमच्याशी कसे बोलायचे ते ठरे. वैद्यकीयची परीक्षा मी दोनदा दिली. दोन्ही वेळा थोडक्यात राहिले. नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा समोरच्या काकू जिन्यावरून म्हणाल्या, "डॉक्टरीण होणार होतीस ना गं? आता जंतू पाळायला चाललीस का?" मी हसले, आणि बसमध्ये बसेपर्यंत मनात उत्तरे जुळवत राहिले. एकही पुरेसे बोचरे नव्हते.

मोजण्यावर माझी श्रद्धा लातूरने बसवली. मोजण्याबद्दलचा संशय आईने.

आईचे माहेर किल्लारीच्या पट्ट्यातले. भूकंप झाला त्याच वर्षी उन्हाळ्यात तिचे लग्न होऊन ती लातूरला आली होती, म्हणून ती वाचली. धाकटी मावशी घराच्या दगडी भिंतींखाली गेली. हे आई कधी सांगत बसत नाही. पण त्या प्रकल्पाचे संमतिपत्रांचे गठ्ठे घेऊन मी पहिल्यांदा घरी गेले आणि आम्ही कसे गावोगाव जाऊन माणसांचे रक्त मोजणार आहोत हे उत्साहाने तिला सांगू लागले, तेव्हा तिने पोळी तव्यावर टाकत विचारले, "मोजून झाल्यावर सांगायला जाणार हाईस का?"

"अहवाल निघेल ना, आई."

"तसं न्हाई. त्या माणसास्नी सांगायला." पोळी उलटवून ती म्हणाली, "आमच्याकडं लई आले मोजायला. भेगा मोजल्या. माणसं मोजली. झोप येती का, सपनं पडतेत का, कागदावर लिहून नेलं. माझ्या मायनं सगळ्यास्नी चहा पाजला, पत्र्याच्या खोलीत. काय निघालं ते सांगायला कुणी परत आलं न्हाई." मग पुढची पोळी लाटायला घेतली आणि विषय संपला. मी तेव्हा मनात तिला समजावत होते, की आकडेवारीचा उपयोग एका माणसासाठी नसतो. आजही मला हे विधान चूक वाटत नाही. फक्त ते करताना मी जरा जास्तच वेगाने बोलते, हे माझ्या लक्षात आले आहे.

उमरीच्या पुढे एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, मालनताई. पन्नाशीच्या, बुटक्या, भराभर चालणाऱ्या. बोलताना समोरच्याच्या खांद्याला टोचणी दिल्यासारखे बोट लावणाऱ्या. पोलिओच्या थेंबांपासून त्यांनी लसी वाहिल्या होत्या. या नव्या लसीची गाडी पहिल्यांदा गावात आली तेव्हा निम्मे गाव शेतात निघून गेले. मालनताईंनी शाळेच्या व्हरांड्यात सर्वांदेखत आधी स्वतः सुई टोचून घेतली, मग लेकीला आणून टोचवली, आणि दुसऱ्या दिवशी बांधाबांधाने फिरून माणसे गोळा केली. "सुईनं अंगात राखणदार बसतो," असे त्या सांगत. मला हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या ढिसाळ वाटे. पण लोक येत.

त्यांच्या गावातली चौदा माणसे आमच्यासाठी मोलाची होती. त्यांना ताप आलेला नव्हता, फक्त लस मिळालेली होती. आजार आणि लस दोन्ही झालेल्यांचे नमुने आमच्याकडे पुष्कळ. निव्वळ लसवाले थोडे. त्यांचे रक्त दुसऱ्या मात्रेनंतर चौथ्या आठवड्यात घ्यायचे होते. चौथा आठवडा म्हणजे चौथा आठवडा. तो गेला की गेला.

आणि रक्त आणायचे खोलीच्या तापमानाला. कागदावर अठरा ते पंचवीस अंश छापलेले होते. तो कागद मी युसूफचाचांना वाचून दाखवला. नांदेडला इतवाऱ्यात त्यांचे गाद्यांचे दुकान. तीन पिढ्या कापूस पिंजणारे घर, आणि माझी भाड्याची खोली त्यांच्या माडीवर. चाचांनी विचारले, "आन् भाईर किती हाय आत्ता?"

"छत्तीस."

"मंग ही खोली कुणाची लिवली, बेटी? साहेबाची का आमची?" आपल्याच विनोदावर ते खोकला येईपर्यंत हसले. मग फळ्यांची एक पेटी घेऊन तिला आतून बोटभर जाड कापूस बसवून दिला, वरून जुन्या रजईचे लाल कापड, झाकणाला बटणे. नळ्यांच्या भोवती मी प्रयोगशाळेच्या गारव्यात ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवायची. उन्हातून दोन तास आणली तरी आतला पारा दोन अंशही हलत नसे. "लोकांना वाटतं रजई गरम करती," चाचा म्हणाले. "कापूस गरम बी करत न्हाई, थंड बी करत न्हाई. जे दिलं ते धरून बसतो." उष्णतावहनाचा इतका स्वच्छ धडा मला कोणत्याही क्लासने दिला नव्हता.

त्या चौदा जणांच्या दिवशी मी गावात नव्हते.

एका मोठ्या संस्थेच्या संशोधन शिष्यवृत्तीची मुलाखत ऑनलाइन होती, त्याच दिवशी, साडेअकराला. माझ्या खोलीतले इंटरनेट दर दहा मिनिटांनी मान टाकायचे. लातूरच्या घरी मुलींच्या वर्गांसाठी आईने चांगली जोडणी घेतलेली होती. सकाळी सहाच्या काळ्यापिवळ्या जीपने मी पेटी गावाला मालनताईंकडे रवाना केली, सोबत चिठ्ठी ठेवली आणि लातूरची बस धरली. रक्त उपकेंद्रातल्या नर्सबाई घेणार होत्या, नळ्या मालनताई आणणार होत्या. चिठ्ठीत मी नीट अक्षरात लिहिले होते: 'रक्त घेतल्यावर नळ्या या पेटीतच ठेवाव्यात व पेटी बंद करून आणावी.' का, ते लिहिले नव्हते. कारणे देण्याची सवय मला नव्हती. क्लासमध्ये आम्हाला कारणे कुणी दिली नव्हती. उत्तराचा क्रमांक दिला होता.

मुलाखत उत्तम झाली. आतल्या खोलीत, मागे आईच्या साड्यांचे कपाट झाकण्यासाठी पांढरी चादर लावून, मी समितीला सांगितले की आजार होऊन गेलेल्यांच्या तुलनेत फक्त लस घेतलेल्यांच्या पेशी कमी प्रतिसाद देताना दिसतात. नमुने थोडे आहेत, पण आजच आणखी चौदा येत आहेत. समितीतल्या एक बाई पुढे वाकल्या. "हे टिकले तर महत्त्वाचे आहे. आठवड्याभरात पूर्ण आलेख पाठवा." मी चादर काढली, आईच्या हातचा भात उभ्याउभ्याच खाल्ला आणि परतीची बस धरली. अहमदपूर मागे पडले, लोहा मागे पडले, आणि खिडकीबाहेर पिवळी पडू लागलेली शेते पळत असताना माझ्या डोक्यात तो आलेख स्वतःच पूर्ण होत होता.

साडेचारला प्रयोगशाळेच्या फाटकाशी मालनताई कडुनिंबाच्या सावलीत बसलेल्या दिसल्या. मांडीवर लसीचा निळा डबा; दोन्ही हातांनी त्याला वेढा घातलेला. पदराने घाम पुसून त्यांनी तो माझ्या हाती दिला. तो जड आणि गार होता.

"एक बी नळी गरम होऊ दिली न्हाई, मॅडम. उमरीत दवाखान्यात उतरून बर्फ बदलून घेतला. जीपवाला कटकट करत होता, त्याला म्हणलं थांब रे, हे रगत हाय, भाजी न्हाई."

"ताई, लाल कापडाची पेटी?"

"ती हाय की घरी, फडताळावर." त्या हसल्या आणि माझ्या खांद्याला बोट लावले. "भादव्याच्या उन्हात रगत रजईत गुंडाळून आणू का? नासलं असतं. तुमी घाईत दिली आसंल. एवढी वर्सं लसी वाहून राहिले मी, एवढं तं कळतं."

वीस वर्षे ज्या बाईला शिकवले होते, की गरम झाले ते वाया गेले, तिने उन्हातून तीन तास जिवाच्या आकांताने बर्फ सांभाळला होता. रक्तातल्या पेशींना नेमकी तीच थंडी बाधते: नको त्या पेशी साईत मिसळतात आणि हव्या त्या मुक्या होतात. हे सगळे मला त्या क्षणी ठाऊक होते. मी म्हणाले, "बरं झालं, ताई." त्यांना चहा पाजला, परतीच्या जीपमध्ये बसवून दिले.

त्या संध्याकाळी यंत्रातून निघालेले कडे पांढरे नव्हते. गुलाबी, गढूळ, पसरलेले. तरीही मी पेशी ताटलीत घातल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगाखाली पाहिले तेव्हा लसीच्या खळग्यांत दोनचार ठिपके, कुठे एकही नाही. ओरडायलाच लावणाऱ्या खळग्यांत फिकट, विरळ नक्षी. आमच्या वहीत आधीच लिहून ठेवलेली एक सीमा होती. त्याखाली गेले तर नमुना बाद. चौदापैकी काही सीमेच्या खाली होते, काही अगदी रेघेवर. रेघ थोडी खाली ओढली असती तर सगळे आत आले असते. आणि ते आत आले असते तर माझा आलेख असा झाला असता, की समितीने खुर्चीवरून उठावे. लस घेतलेल्यांच्या पेशींना काहीच आठवत नाही!

प्रकल्प चालवणाऱ्या आमच्या सरांना फोन केला. ते पुण्याला होते, घाईत होते. "कंट्रोलचा खळगा लागला का?" "थोडा." "थोडा म्हणजे लागला ना? मग घे." बर्फाचे मी त्यांना अजून सांगितले नव्हते. तेही माझ्यावरच होते.

तीन दिवस मी त्या वहीभोवती फिरले. गुरुद्वाराच्या बाजूने नदीपर्यंत चालत जायची, परत यायची, वही उघडायची. गोदावरीला पाणी होते, घाटावर निर्माल्य तरंगत होते. मला वाटते, खोटे बोलण्याचा मोह असा मला कधी झालाच नाही; मोह झाला तो खरे आकडे खऱ्या जागी लिहून गप्प बसण्याचा. प्रत्येक ठिपका खरा होता. मी एकही पुसणार नव्हते, एकही वाढवणार नव्हते. फक्त एक निळा डबा वहीत येणार नव्हता. मग कधीतरी त्या आलेखाची बातमी झाली असती, ती फोनवरून फिरत फिरत उमरीच्या पुढच्या त्या गावात पोचली असती, आणि शाळेच्या व्हरांड्यात कुणीतरी मालनताईंना विचारले असते, कुठाय तुझा राखणदार? त्यांच्याच हाताने गार झालेल्या रक्ताचा पुरावा त्यांच्याचविरुद्ध उभा राहिला असता. आणि पुढची लसीची गाडी आल्यावर माणसे पुन्हा शेतात गेली असती.

चौथ्या दिवशी मी चौदाही ओळींवर लाल रेघ मारली. कारणाच्या रकान्यात लिहिले: वाहतुकीत नमुने थंड झाले, सूचना अपुरी होती, सूचना लिहिणारी मी. सरांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "रेघ बरोबर आहे. मलाच विचारायला हवे होते." उरलेल्या नमुन्यांचा आलेख समितीला पाठवला. त्यातला फरक इतका बारीक होता, की त्यावर कुणी पैज लावली नसती. दहा दिवसांनी सभ्य भाषेतला नकार आला. पुढच्या वर्षी दुसरीकडे जागा मिळाली, तीच ही बावीस अंशांची. पण त्या आठवड्यात पुढचे वर्ष नावाची वस्तू अस्तित्वात नव्हती. लातूरच्या भिंतीवरच्या यादीत मी पुन्हा एकदा थोडक्यात राहिले होते. आणि या वेळी गुण मी स्वतःच कमी केले होते.

मालनताईंकडे गेले तेव्हा सोयाबीनची कापणी लागली होती. त्यांनी अंगणात खाट टाकली. मी सरळ सांगितले. बर्फाने काय होते, कापूस काय करतो, चिठ्ठीत काय लिहायला हवे होते. त्या ऐकत राहिल्या. बोट कुठेच लागले नाही.

"म्हंजी म्या मारल्या त्या पेशी."

"नाही ताई. मी कारणच लिहिले नव्हते."

"लिवलं न्हाई ते ऱ्हाऊ द्या." त्यांचा आवाज चढला. "फाटकापाशी तुमी 'बरं झालं' मनल्या. मला चहा पाजला. जीपमधी बसवलं. मी घरी येऊन मालकाला सांगितलं, मॅडम खूश झाल्या. तवा ठावं होतं का तुमाला?"

"होतं."

"मंग कामून न्हाई सांगितलं?"

तुम्ही एवढ्या लांबून उन्हातून आला होता म्हणून, असे मी म्हणाले. ते खरे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून कळले, की ते उत्तर नव्हते.

"मी काय काचेची हाव का?" त्या उठल्या. "आता त्या चौदा जणांना तुमी सांगायचं. मी न्हाई. माझा शब्द मी एकदा दिलाय तिथं."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सकाळीच माणसे जमली, विळे कमरेला तसेच. कापणी सोडून आलेल्यांना थांबवणे गुन्हा वाटत होता. मी उभी राहिले आणि माझ्या ठेवणीतल्या मराठीत बोलू लागले, मग जाणवले की कुणी माझ्याकडे बघत नाही. थांबले, आणि पुन्हा सुरुवात केली. तुमचे रक्त आमच्या चुकीने थंड झाले. त्यातून काही कळले नाही. वाईट कळले नाही, चांगलेही नाही.

किसनआबा म्हणून एक वयस्क शेतकरी होते, त्यांनी तंबाखू मळता मळता विचारले, "म्हंजी आमी पास का नापास?"

"पेपरच भिजला, आबा. तपासताच आला नाही."

हशा झाला. "मंग घ्या की पुन्यांदा," मागून कुणी म्हणाले.

"आता घेतला तर तो दुसऱ्या दिवसाचा पेपर होईल. चौथ्या आठवड्यात काय होते ते आता कळणार नाही."

"लस लागू पडली का न्हाई, तेवढं बोला," एक बाई म्हणाली. हशा थांबला. मालनताई खांबाला टेकून उभ्या होत्या, जमिनीकडे बघत.

"बाकीच्या गावांत, फक्त लसच घेतलेल्यांच्या पेशींनी ओळख दाखवली आहे. मी स्वतः ठिपके मोजलेत. तुम्हा चौदा जणांबद्दल मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही."

"मालनताय तं लई छातीवर हात ठेवून सांगत होती तवा," एक तरुण शेतकरी उठत म्हणाला.

"आज बी ठेवते," मालनताई खांबापासून सुटल्या. "म्या घेतली, लेकीला देली. मॅडमच्या ठिपक्याला इचारून घेतली नव्हती. तुला न्हाई पटत तं जा, सोयाबीन वाळून राहिलंय तुझं."

तो गेला. त्याच्यामागे आणखी तिघे. बाकीचे बसून राहिले, सहा महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचे का यावर आपापसात बोलत; दिले ते शेवटी नऊ जणांनी. माझ्या संशोधनलेखात त्या नऊ जणांच्या रेषा मधूनच सुरू होतात. परिसंवादात कुणीतरी हमखास विचारते, सुरुवातीचे बिंदू कुठे आहेत? मी निळ्या डब्याचे सांगते. ऐकणारे हसतात. तिथे हसण्यासारखे आहेच. पण त्या कोऱ्या जागेत मालनताईंचे बोलणे खरे होते की नव्हते हे मला कधीच कळणार नाही, आणि कळणार नाही या शब्दांची सवय मला अजून झालेली नाही.

व्हरांड्यातून जीपपर्यंत मालनताई माझ्याबरोबर चालत आल्या. रस्त्याकडेला कापलेल्या सोयाबीनच्या पेंढ्या पडल्या होत्या, त्यांवरून त्या सवयीने उड्या टाकत पुढे, मी अडखळत मागे. जीपवाला उमरी, उमरी ओरडत होता. मी पाय आत टाकला तेव्हा त्या म्हणाल्या, "फुडच्या खेपेला नळ्या मीच आणते."

"हो, ताई. तुम्हीच आणा."

"तसं न्हाई." त्यांनी जीपच्या दांडीला हात घातला, जीपवाला पुन्हा कटकट करू लागला, त्याच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. "मी पुन्यांदा चुकले तं तोंडावर सांगताल का? चहा पाजायच्या आदी?"

मी आत टाकलेला पाय पुन्हा खाली घेतला. त्या दांडी धरून उभ्या राहिल्या.

"सांगेन," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या खांद्याला बोट लावले, जोरात, आणि दांडी सोडली.